दंडांतील नळी व गृहस्थाचें कर्तव्य

आजारी माणसाची शुश्रूषा करणें हें आपल्या घरांतून पूर्वापार चालत आलेलें काम आहे. काढा उकळणें, पथ्य सांभाळणें, रात्रीं उशाशीं बसणें, वैद्यानें सांगितलेल्या वेळीं मात्रा चाटविणें, एवढें ज्याला साधलें त्याला शुश्रूषा साधली, अशी आमची साठी उलटेपर्यंत समजूत होती. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यांत एका बारीकशा नळीनें ही समजूत पार घालविली. ती कशी घालविली हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच. त्यांत आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगावी लागणार आहे. ती झांकून ठेविली असती तर लेखकाची शोभा राहिली असती. परंतु वाचकांस लेखाचा उपयोग झाला नसता.

ज्येष्ठांत आमच्या सौभाग्यवतीची कंबर दुखूं लागली. या वयांत कंबर दुखावयाचीच, असें म्हणून आम्हीं तेल चोळविलें, विटेचा शेक दिला आणि तीन आठवडे घालविले. पुढें रोज संध्याकाळीं बारीक ताप येऊं लागला, कूस बदलणेंही कठीण झालें, तेव्हां तिला वाईहून पुण्यास नेलें. तेथें एम्. आर्. आय्. तपासणी होऊन निदान झालें, तें असें कीं, कमरेचे दोन मणके व त्यांमधील चकती यांत जंतूंनीं घर केलें आहे. उपाय सांगितला तो असा: सहा आठवडे, एकही दिवस न चुकतां, जंतुनाशक औषध शिरेवाटे द्यावयाचें. तिच्या अंगांतील जंतूवर पोटांतून घेण्याजोगें औषध लागू पडत नव्हतें. औषधाचें नांव येथें मुद्दाम देत नाहीं. कारण छापलेलें नांव वाचून तें औषध दुकानांतून आणविणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत.

प्रारंभीं हाताच्या पाठीवरील शिरेंत नेहमींची आंखूड नळी बसवून औषध देत असत. ही नळी दोन-तीन दिवस चाले, मग शीर लाल होई, दुखे, औषध बाहेरच्या मांसांत झिरपे, कीं पुन्हां दुसरी जागा. दहा दिवसांत सहा जागा झाल्या. दोन्ही हात सुजले, निळे-काळे डाग पडले. सौभाग्यवतीनें तोंडांतून एक शब्द काढला नाहीं. पण अकराव्या दिवशीं सकाळीं परिचारिका तबक घेऊन खोलींत आली, तेव्हां तिनें आपले दोन्ही हात हळूच पदराखालीं ओढून घेतले. आम्हीं छत्तीस वर्षें मुलें शिकविलीं. छडी दिसतांच हात मागें लपविणारीं मुलें पाहिलीं आणि, कबूल करणें भाग आहे, त्यांस हात पुढें करावयासही लाविलें. त्या दिवशीं मात्र ते पदराखालचे हात पाहून आम्ही खोलीबाहेर जाऊन उभे राहिलों.

त्याच दिवशीं डॉक्टरांनीं दुसरा मार्ग सुचविला. दंडाच्या आंतल्या अंगास, कोपराच्या वर, बॅसिलिक नांवाची एक बरीच रुंद शीर असते. तींतून एक मऊ, लांब नळी आंत सारावयाची. ती काखेखालून, गळ्याच्या हाडामागून छातींत उतरते आणि तिचें टोंक हृदयाच्या अगदीं दाराशीं, ऊर्ध्व महाशिरेंत राहतें. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘पिक लाइन’ म्हणतात. ती काढल्यावांचून आठवडेच्या आठवडे राहूं शकते. तींतून औषध देतां येतें, तपासणीसाठीं रक्तही काढतां येतें. अशा नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ या मापानें मोजतात. पॅरिसमधील शारिएर नांवाच्या एका शस्त्रें बनविणाऱ्या कारागिरानें एकोणिसाव्या शतकांत हें माप घालून दिलें. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. सौभाग्यवतीची नळी चार फ्रेंचची, म्हणजे सव्वा मिलिमीटरहून किंचित् जाड, आणि आंत गेलेली लांबी सुमारें ४० सेंटिमीटर.

इतक्या दूर जाण्याचें कारण काय, असें आम्हीं विचारलें. उत्तर आमच्यासारख्या वाईकरास समजण्यासारखें होतें. हाताच्या पाठीवरील शीर म्हणजे ओहोळ. त्यांत मूठभर तिखट टाकलें तर सारें पाणी झोंबेल. तीच मूठ भरल्या कृष्णेंत टाकली तर कोणास कळणारही नाहीं. हृदयाजवळच्या महाशिरेंतून मिनिटास सुमारें दोन लिटर रक्त वाहतें. कितीही दाहक औषध तेथें पडलें कीं तत्काळ पातळ होऊन जातें आणि शिरेची भिंत पोळत नाहीं.

परंतु ‘हृदयाच्या दाराशीं’ हे शब्द ऐकतांच सौभाग्यवतीचा चेहरा उतरला. “काळजापर्यंत नळी नेणार? आणि तें थांबलें तर?” हा तिचा प्रश्न. आमच्या मनांतलाही तोच होता. आम्ही केवळ पुरुष म्हणून तो उच्चारला नव्हता इतकेंच. डॉक्टर हंसले नाहींत. हीच भीति एके काळीं साऱ्या वैद्यकशास्त्रास होती, असें सांगून त्यांनीं एक हकीकत ऐकविली. ती आम्हीं मागाहून वाचून पडताळून पाहिली.

सन १९२९ मध्यें बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे या गांवीं वेर्नर फोर्समान नांवाचा एक तरुण डॉक्टर होता. वय अवघें चोवीस. हातांतील शिरेंतून हृदयापर्यंत नळी नेतां येईल व औषध थेट तेथें देतां येईल, असें त्याचें मत. वरिष्ठांनीं प्रयोगास साफ मनाई केली. तेव्हां त्यानें शस्त्रक्रियेच्या खोलीची किल्ली जिच्याजवळ असे त्या परिचारिकेस आपल्याकडे वळविलें. प्रयोग माझ्यावरच करा, असें ती म्हणाली. त्यानें तिला मेजावर बांधिलें आणि तिला नकळत स्वतःच्याच डाव्या हाताची शीर उघडून मूत्रमार्गासाठीं वापरावयाची ६५ सेंटिमीटर लांबीची नळी आंत सारली. मग तिला सोडवून, दंडांत नळी तशीच ठेवून, तो जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलींत चालत गेला आणि नळीचें टोंक हृदयाच्या उजव्या कप्प्यांत पोंचल्याचें छायाचित्र घेवविलें. हृदय थांबलें नाहीं. मोठ्या शहरांतील पंडितांनीं त्याची कदर केली नाहीं. बिचारा पुढें मूत्ररोगांचा डॉक्टर होऊन राहिला. त्याचें काम पुढें नेणारे अमेरिकेंतील कूर्नां व रिचर्ड्स यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळालें तें १९५६ सालीं, म्हणजे सत्तावीस वर्षांनीं.

“मग तो जिना उतरून गेला, तर मी निजून राहीन,” एवढेंच सौभाग्यवती म्हणाली, व संमतीच्या कागदावर तिनें स्वतः सही केली.

नळी बसवितांना आम्हांस दारांतून पाहूं दिलें. सुश्रुतसंहिता आम्हीं पाठशाळेंत थोडीफार वाचिली होती. शारीरस्थानांत शिरांची संख्या सातशें सांगून पुढच्या अध्यायांत शिरावेधाचा विधि दिला आहे. शिरांच्या कामांत पूर्ण शिकलेला असा कोणीच नसतो, कारण त्या स्वभावतःच चंचल असून माशाप्रमाणें उलटतात, म्हणून यत्नपूर्वक वेध करावा, अशा अर्थाचा इशारा तेथें आहे. आंधळेपणानें पाण्यांत हात घालून मासा धरण्याचें तें काम आतां डोळस झालें आहे. ध्वनिलहरींच्या यंत्राच्या पडद्यावर शीर एका काळ्या वर्तुळासारखी दिसते. वरून दाबलें कीं ती चपटी होते. शेजारची धमनी चपटी होत नाहीं, उडत राहते. अशी ओळख पटल्यावरच सुई घालतात. प्रथम कातडी बधिर केली. सुईंतून एक बारीक तार आंत सोडली. तारेवरून एक आवरण आणि त्या आवरणांतून नळी. आवरण मग केळीच्या सोपटाप्रमाणें दोहों बाजूंस सोलून काढून टाकलें. हें सर्व होईतों रोगी डोक्यापासून पायांपर्यंत निर्जंतुक कापडाखालीं आणि डॉक्टर टोपी, मुखपट्टी, झगा व हातमोजे यांत. शेवटीं क्ष-किरणांनीं टोंकाची जागा पाहिली. पाऊण तासांत काम आटोपलें. सुरुवातीची एक टोंचणी वगळतां दुखलें नाहीं. शिरेच्या आंतून नळी सरकते तें माणसास कळतच नाहीं.

चार दिवसांनीं आम्ही वाईस परतलों. येथून खरी गोष्ट सुरू होते. कारण रुग्णालयांतील नळीची राखण रुग्णालय करतें, घरांतील नळीची राखण घरास करावी लागते.

नियमांचा एक कागद आम्हांस मिळाला होता. त्याचें सार असें: त्या हातावर रक्तदाब मोजूं नये. त्या हातानें पाण्याची बादली किंवा जड ओझें उचलूं नये. मात्र हात अगदीं जखडूनही ठेवूं नये, हलकी हालचाल चालूं ठेवावी. नळीच्या मुखावरची पारदर्शक पट्टी दर सात दिवसांनीं आणि भिजली वा सुटली तर त्याच क्षणीं, निर्जंतुक रीतीनें बदलावी. बाहेर दिसणाऱ्या नळीची लांबी टिपून ठेवावी. ती वाढली तर टोंक जागचें हललें असें समजावें. औषधाच्या आधीं व नंतर मिठाच्या निर्जंतुक पाण्यानें नळी धुवावी. त्यासाठीं दहा मिलिलिटरहून लहान पिचकारी वापरूं नये, कारण लहान पिचकारीचा दाब अधिक असतो व त्यानें नळी फाटूं शकते. प्रत्येक वेळीं हात साबणानें धुवावे आणि टोपणाचें तोंड स्पिरिटच्या बोळ्यानें पंधरा सेकंद घांसून वाळूं द्यावें. हात किंवा मान सुजली तर शिरेंत गुठळी झाली असण्याचा संभव. ताप आला किंवा औषधानंतर हुडहुडी भरली तर रक्तांत जंतु शिरले असण्याचा संभव. दोन्ही प्रसंगीं वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

औषध देण्यास रोज संध्याकाळीं सहा वाजतां एक परिचारिका येई. ही मुलगी आमच्याच हाताखालीं चौथीपर्यंत शिकलेली. पहिल्याच दिवशीं आम्ही मदतीस पुढें झालों, तों ती म्हणाली, “गुरुजी, हात दाखवा.” आम्हीं हात पुढें केले. तिनें नखें पाहिलीं आणि म्हणाली, “कापून या.” दर सोमवारीं प्रार्थनेनंतर रांगेंत उभ्या केलेल्या मुलांचीं नखें तपासण्याचा आमचा शिरस्ता होता, तो असा फिरून घरीं आला. आम्ही मुकाट्यानें नखें कापून आलों. सौभाग्यवती पुष्कळ दिवसांनीं हंसली.

तेराव्या दिवशीं मोठा पाऊस झाला. रस्त्यावर पाणी आल्यानें त्या मुलीचा निरोप आला: “मला यायला साडेनऊ होतील. गुरुजी, औषध तीन तास उशिरा झालें तरी चालेल, पण तुम्ही हात लावूं नका.” आतां वाचकांनीं आमचा स्वभाव ध्यानांत घ्यावा. शाळेची घंटा आम्हीं कधीं एक मिनिट चुकूं दिली नाहीं. सहा म्हणजे सहा. शिवाय बारा दिवस शेजारीं बसून सारी कृति आम्हीं पाहिली होती. नुकतेंच स्नान करून, सोवळें नेसून आम्ही सायंसंध्येवरून उठलों होतों. याहून शुद्ध हात कोणते असावयाचे? आम्हीं पिचकारी जोडली, नळी धुतली, औषध चढविलें. सर्व यथासांग झालें. फक्त हात साबणानें पुन्हां धुतले नाहींत, आणि टोपणाचें तोंड घांसावयाचें राहिलें.

मुलगी रात्रीं आली, ऐकून घेतलें, कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून औषधाची पेटी मात्र आपल्याबरोबर नेऊं लागली. तिसऱ्या दिवशीं औषध देऊन ती गेली आणि तासाभरांत सौभाग्यवतीस हुडहुडी भरली. दांतावर दांत वाजूं लागले. दोन रजया घातल्या तरी खाट हालत होती. आम्ही म्हणालों, पावसाची गार हवा बाधली असेल. सुंठ-तुळशीचा काढा करतों, सकाळीं पाहूं. तेव्हां तिनें त्या स्थितींत देवघराच्या दाराकडे बोट केलें आणि म्हणाली, “अहो, तो कागद वाचा.” कागद आम्हींच तेथें चिकटविला होता. वाचला. काढ्याचें पातेलें चुलीवरच ठेवून गाडी बोलाविली आणि पावसांतून साताऱ्यास निघालों. तें अंतर पस्तीसेक किलोमीटरचें. आम्हांस तें काशीच्या वाटेएवढें झालें. वाटेंत तिला ग्लानि येऊं लागली होती.

तेथें एकाच वेळीं नळींतून व दुसऱ्या हाताच्या शिरेंतून रक्त काढून दोन्ही नमुने जंतूंच्या वाढीसाठीं ठेविले. नळींतल्या रक्तांतील जंतु दुसऱ्या नमुन्यापेक्षां दोन तास किंवा त्याहून अधिक आधीं वाढूं लागले, तर दोष नळींतलाच असें समजतात. तसेंच झालें. नळी काढून टाकली, औषध बदललें. दोन रात्री रक्तदाब घसरत होता, तिसऱ्या दिवशीं ताप उतरला. रक्त शुद्ध असल्याची खात्री झाल्यावर दुसऱ्या दंडांत नवी नळी बसवून उरलेली चिकित्सा पुरी केली. आज ती हिंडूं-फिरूं लागली आहे, ही ईश्वराची कृपा आणि त्या मंडळींचें कौशल्य.

आम्हीं डॉक्टरांस घडलेलें सर्व सांगितलें. एका चुकीमुळेंच हें झालें असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं, फार काळजी घेऊनही कधीं कधीं असें होतें, असें ते म्हणाले. त्यांचा चांगुलपणा आम्ही जाणतों. आपलें मनही जाणतों. परंतु खरा घाव बसला तो पुढेंच. बरें वाटल्यावर एके दुपारीं सौभाग्यवती सहज म्हणाली, “तुम्हीं तें टोपण पुसलें नाहींत, तें मला दिसलें होतें.” आम्ही थक्क झालों. मग बोलली कां नाहींस, असें विचारलें. ती म्हणाली, “तुम्ही सोवळ्यांत होतां. तुम्हांला हात धुतले का, असें कसें विचारायचें?”

वाचकहो, या एका वाक्यानें आम्हांस जें शिकविलें तें छत्तीस वर्षांच्या अध्यापनानें शिकविलें नव्हतें. आम्ही सोवळ्याची निंदा करीत नाहीं. कशास शिवावें, कशास शिवूं नये, याची जी दक्षता सोवळ्यानें आमच्या घरांतील स्त्रियांच्या अंगीं बाणविली, तीच या नळीच्या राखणीस लागते; म्हणूनच तर टोपण पुसलें नाहीं हें आमच्या नव्हे, तिच्या डोळ्यांस दिसलें. पण मंत्रानें झालेली शुद्धि ही मनाची. जंतूंस ती कळत नाहीं. त्यांना साबण, स्पिरिट आणि पंधरा सेकंद एवढेंच कळतें. आणि जेथें पतीस, सासऱ्यास, गुरूस किंवा डॉक्टरांस प्रश्न विचारणें हा अविनय मानला जातो, तेथें नियमांचा कागद दारावर चिकटवून कांहीं उपयोग नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं असा प्रसंग येईल त्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. शिरेवाटे औषध द्यावयाचें ठरलें कीं पहिल्याच दिवशीं विचारा: औषध किती दिवस चालणार, तें शिरेस दाहक आहे काय, आणि त्यास कोणता मार्ग योग्य? साधारणतः औषध दोन आठवड्यांहून अधिक चालावयाचें असेल तेव्हां हृदयापर्यंत जाणारी नळी युक्त ठरते. कमी दिवसांचें व सौम्य औषध असेल तर काखेच्या अलीकडेच थांबणारी आंखूड नळी पुष्कळदां पुरते. हा प्रश्न आम्हीं अकराव्या दिवसाऐवजीं पहिल्या दिवशीं विचारला असता तर ते हात पदराखालीं गेले नसते. रोग्याचीं मूत्रपिंडें अधू असतील तर तें आधीं सांगा. पुढें रक्तशुद्धीसाठीं दंडाच्या शिरांची गरज पडण्याचा संभव असतो, व अशा रोग्यास ही नळी शक्यतों घालीत नाहींत. आणि नळीचें काम संपलें कीं ती एक दिवसही अधिक ठेवूं नका. उघडें दार जितके दिवस, तितकें भय.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घरीं आल्यावर पहिल्याच दिवशीं रोग्यास सर्वांदेखत सांगा कीं, ‘हात धुतले का?’ हा प्रश्न कोणासही विचारण्याचा तुला अधिकार आहे. हें घरांतील वडील माणसानें स्वतःच्या तोंडानें सांगितलें पाहिजे, नाहीं तर तो अधिकार कागदावरच राहतो.

भाद्रपदांत दुसरी नळी काढली. दोन मिनिटांचें काम. परिचारिकेनें ती हळूहळू ओढून घेतली, जागा दाबून धरली आणि नळी टोंकापर्यंत सबंध आली आहे ना हें मोजून पाहिलें. जागा भरून आल्यावर सौभाग्यवतीनें अडीच महिन्यांनीं दोन्ही हातांवरून पाणी घेऊन न्हाणें केलें. देवघराच्या दारावरील कागद काढावा म्हणून आम्हीं हात पुढें केला, तों ती आंतून म्हणाली, “असूं द्या.” तो अजून तेथेंच आहे.